बंदूक मुकी होत नाही

हिंदी चित्रपटातला तो प्रसंग आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेला आहे. काळा कोट घातलेला खलनायक हॉटेलच्या जिन्यात थांबतो, खिशातून एक काळं नळकांडं काढतो, पिस्तुलाच्या तोंडाशी ते सावकाश फिरवत बसवतो आणि दार ढकलून आत शिरतो. मग नुसतं 'फुस्' होतं. सोड्याच्या बाटलीचं बूच काढावं तेवढाच आवाज! शेजारच्या खोलीतला माणूस कुशीसुद्धा बदलत नाही.

हे 'फुस्' आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं आहे की सायलेन्सर लावला की बंदूक मुकी होते, याबद्दल कुणाला शंकाच येत नाही. शंका येते ती मुलांना. शाळेत विज्ञान शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. आवाजाचा धडा सुरू झाला की मागच्या बाकावरून हा प्रश्न हमखास यायचा, "सर, सायलेन्सर लावला की खरंच आवाज येत नाही का?" प्रश्न सोपा आहे. उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही. त्या उत्तराच्या मागे गेलं की बंदुकीपासून सुरू झालेली गोष्ट शेवटी आपल्या स्वतःच्या कानाशी येऊन थांबते.

मी राहतो यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात, राजूरला. कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या ही आमच्या गावाची ओळख. आवाजाची आम्हाला नवलाई नाही. आसपासच्या उघड्या खाणींमध्ये सुरुंगाचा बार उडाला की खिडकीची तावदानं थरथरतात आणि बायका स्वयंपाक न थांबवता म्हणतात, "बार झाला." वर्धा नदीपलीकडे भद्रावतीला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे. तेव्हा स्फोट, दारू, आवाज हे विषय आमच्याकडे पुस्तकात कमी आणि अंगणात जास्त.

बाप बहिरा, मुलगा हुशार

आधी या नळकांड्याची जन्मकथा. हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम हा मूळचा अमेरिकन माणूस इंग्लंडला गेला आणि त्यानं १८८४च्या सुमारास एक बंदूक तयार केली. एकदा चाप दाबला की गोळ्यांमागून गोळ्या आपोआप सुटत राहणारी ही 'मॅक्सिम गन'. तिच्या जोरावर साम्राज्यं वाढली आणि पहिल्या महायुद्धात तिच्या जातीच्या तोफांपुढे माणसं गवतासारखी कापली गेली. या शोधाची किंमत मॅक्सिमनं स्वतःही मोजली. वर्षानुवर्षं बंदुकांच्या चाचण्या घेऊन घेऊन उतारवयात तो ठार बहिरा झाला.

त्याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम. वडिलांनी बंदुकीला वाचा दिली, मुलानं तिचं तोंड दाबण्याचा उद्योग केला. १९०९ साली त्यानं बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट मिळवलं. पुढे त्याच्या कंपनीनं हेच तत्त्व इंजिनांच्या धुराड्यांसाठीही वापरलं. म्हणजे आपल्या मोटारसायकलच्या खाली चकाकणारा सायलेन्सर आणि खलनायकाच्या खिशातला सायलेन्सर हे एकाच घराण्यातले.

दोन्हींचं काम सारखंच आहे. इंजिनातून असो वा बंदुकीतून, अतिशय दाबाखालचा तापलेला वायू एकदम मोकळ्या हवेत सुटला की धडाका होतो. त्याला वाटेत खोल्याखोल्यांची एक धर्मशाळा बांधून दिली की तो त्या खोल्यांमधून घुटमळत, थंड होत, दाब गमावत बाहेर पडतो. फुग्याला टाचणी लावली तर 'फट्', आणि त्याचंच तोंड हळूच सैल सोडलं तर 'सूं'. फरक इतकाच.

गंमत पाहा. बुलेटचा मूळ सायलेन्सर काढून फटफटणारं नळकांडं लावलं तर पोलीस दंड करतात. जप्त केलेल्या अशा नळकांड्यांवर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रं वर्तमानपत्रात अधूनमधून येतात. उलट बंदुकीचं. १९५९च्या शस्त्र कायद्यानं 'अग्निशस्त्रा'ची जी व्याख्या केली आहे, तिच्यात गोळीबाराचा आवाज किंवा ज्वाळा कमी करणारी जोडणीसुद्धा धरली आहे. म्हणजे नुसतं रिकामं नळकांडं हीच कायद्याच्या दृष्टीनं बंदूक! परवान्याशिवाय ते बाळगणं हाच गुन्हा. गाडीला सायलेन्सर नसला तर गुन्हा, बंदुकीचा घरात सापडला तर गुन्हा. कायदा वेडा नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

एका गोळीचे तीन आवाज

बंदूक उडते तेव्हा आपल्याला एकच 'ठो' ऐकू येतो. प्रत्यक्षात तिथे निदान तीन आवाज असतात. पहिला, नळीच्या तोंडाशी वायू सुटल्याचा धडाका. सगळ्यात मोठा तोच आणि सायलेन्सरचा अधिकार फक्त त्याच्यावर. दुसरा, खुद्द गोळीचा. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगानं जातो. लष्करी ७.६२ मिलिमीटर रायफलची गोळी मात्र सेकंदाला आठशे मीटरहून अधिक वेगानं निघते. ती आवाजाच्या पुढे धावते आणि वाटभर हवा फाडत जाते. चाबूक ओढल्यासारखा तो कडाका नळीपासून शेकडो मीटरवर उभ्या असलेल्या माणसालाही ऐकू येतो. गोळी नळकांड्यातून बाहेर पडल्यावर हा आवाज सुरू होतो, त्यामुळे नळकांड्याचा तिथे काही इलाज चालत नाही. तिसरा आवाज बंदुकीच्या यंत्राचा, म्हणजे खटका पडण्याचा, आणि गोळी जिथे आदळते तिथला.

म्हणून सायलेन्सरचा खरा परिणाम हवा असेल तर गोळीच सावकाश धावणारी लागते. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी डी लाइल नावाची एक कार्बाइन बनवली होती. तिच्यात पिस्तुलाची जड आणि आवाजापेक्षा मंद गोळी वापरली, म्हणून ती फार शांत बंदुकांमध्ये गणली जाते. आपल्याकडे कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत सायलेन्सर बसवलेली ९ मिलिमीटर कार्बाइन बनली, तीही याच कुळातली. पण मंद गोळी म्हणजे कमी पल्ला आणि कमी मारा. शांतता फुकट मिळत नाही.

आता आकडे. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. कुजबूज तिसाच्या घरात, आपलं बोलणं साठाच्या, स्वयंपाकघरातला मिक्सर पंच्याऐंशीच्या आसपास. रायफलचा धडाका १६० ते १६५पर्यंत जातो. चांगला सायलेन्सर त्यातले वीस ते पस्तीस डेसिबल कमी करतो. ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण डेसिबलची पट्टी फूटपट्टीसारखी नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर रिश्टरचं माप आपल्या घराघरात पोचलं, त्यासारखी ही चढत्या पटीची आहे. दहा डेसिबल उतरले की आवाजाची ऊर्जा एक दशांश होते, तीस उतरले की एक सहस्रांश. म्हणजे सायलेन्सर हजारातले नऊशे नव्व्याण्णव भाग गिळून टाकतो. आणि एवढं करूनही १६५तून तीस वजा जाता उरतात १३५! अचानक होणाऱ्या आवाजाच्या बाबतीत १४० डेसिबल ही कानाच्या धोक्याची रेषा समजतात. सायलेन्सर लावलेली रायफल त्या रेषेच्या जरा खाली येते, एवढंच. शेजारच्या खोलीतला माणूस झोपून राहणं शक्य नाही. त्याला दचकून उठावंच लागेल.

म्हणूनच जाणकार मंडळी या वस्तूला 'सायलेन्सर' न म्हणता 'सप्रेसर' म्हणतात. आवाज बंद करणारा नव्हे, दाबणारा.

परीक्षा कशी घेतात?

विक्रेता म्हणेल, "आमचा पस्तीस डेसिबल कमी करतो." पण यावर विश्वास का ठेवायचा? लष्करासाठी, पोलिसांसाठी अशी वस्तू घेताना तिची परीक्षा घ्यावीच लागते. त्या परीक्षेची रीत मला फार आवडते, कारण शाळेच्या प्रयोगशाळेत आपण मुलांना जे सांगतो तेच तिथे काटेकोरपणे करतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं.

आवाजासाठी अमेरिकी लष्करानं ठरवलेली पद्धत जगभर वापरली जाते. मायक्रोफोन नळीच्या तोंडाच्या काटकोनात एक मीटर बाजूला आणि जमिनीपासून १.६ मीटर उंच. बाजारातलं साधं आवाजमापक इथे कुचकामी ठरतं. धडाका इतक्या झटक्यात उसळून बसतो की त्या यंत्राला तो पुरता कळतच नाही आणि ते खोटा, लहान आकडा दाखवतं. सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्यात शिखर पकडणारं उपकरण लागतं. दुसरा मायक्रोफोन गोळी झाडणाऱ्याच्या कानाजवळ ठेवतात, कारण शेवटी सोसायचं त्याच कानाला असतं. मग उघड्या नळीनं ठराविक गोळ्या, सायलेन्सर लावून तितक्याच गोळ्या. यात एक मजा आढळते. थंड नळकांड्यातून सुटलेली पहिली गोळी पुढच्या गोळ्यांपेक्षा जास्त वाजते. आत कोंडलेल्या हवेतला प्राणवायू मिळून उरलीसुरली दारू तिथेच पेटते म्हणून. एकाच गोळीवरून निकाल लावणाऱ्याची इथे फसगत होते.

आवाजापेक्षा अचूकतेची परीक्षा जास्त नाजूक. एन. सी. सी.त गेलेल्या वाचकांना 'ग्रुपिंग' हा शब्द आठवेल. पॉइंट टू टू रायफल घेऊन पालथं पडायचं, दस्ता खांद्यात घट्ट दाबायचा, श्वास अर्धा सोडून रोखायचा आणि पाच गोळ्या झाडायच्या. मग उस्ताद टार्गेटजवळ जाऊन भोकं किती जवळजवळ पडली ते मोजायचे. भोकं मधोमध पडली की नाही हा प्रश्न नंतरचा. पाचही एकमेकांना चिकटून असली की उस्ताद खूश. कारण घोळका एका बाजूला गेला असेल तर माशी-दुर्बीण सरकवून तो मधे आणता येतो. घोळकाच विस्कटलेला असेल तर मात्र उपाय नाही.

सायलेन्सरची परीक्षाही याच तत्त्वावर होते. नळीच्या टोकाला अर्धा-पाऊण किलोचं वजन लटकलं की नळीचा स्वभाव बदलतो. गोळी सुटताना नळी वीणेच्या तारेसारखी कंप पावते, आणि टोकाला वजन आलं की तो कंप बदलतो. म्हणून गोळ्या पूर्वीच्या जागी न पडता थोड्या सरकून पडतात, बहुधा खाली, पण कधी बाजूलाही. तेव्हा रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवतात, एकाच घाण्यातली काडतुसं घेतात, वारा पडलेला असताना शंभर मीटरवर पाच गोळ्या उघड्या नळीनं मारतात. मग सायलेन्सर लावून पाच. पुन्हा काढून पाच. पुन्हा लावून पाच. प्रत्येक घोळक्याची रुंदी आणि त्याचा मध्य लिहून ठेवतात. मोजायचं माप म्हणजे अंशाचा साठावा भाग. शंभर मीटरवर तो सुमारे २९ मिलिमीटर भरतो, म्हणजे एखाद्या नाण्याएवढा.

या परीक्षेत सायलेन्सर पास कधी म्हणायचा? घोळका सरकला नाही तर, असं वाटेल. पण तसं नाही. तो सरकणारच. दर वेळी तेवढाच आणि त्याच दिशेला सरकतो की नाही, हा खरा प्रश्न. आज दोन इंच खाली आणि उद्या पुन्हा बसवल्यावर तीन इंच डावीकडे, असं झालं तर वस्तू नापास. माणसासारखंच आहे. रोज दहा मिनिटं उशिरा येणाऱ्याच्या भरवशावर घड्याळ लावता येतं. कधी लवकर आणि कधी उशिरा येणारा मात्र कामाचा नाही. बरेचदा तर सायलेन्सरनं घोळका आणखी आवळला जातो, कारण धक्का कमी होतो, कानठळ्या बसत नाहीत आणि चाप ओढताना डोळे मिटत नाहीत.

उरलेली परीक्षा सहनशक्तीची. वीस-तीस गोळ्या झपाट्यानं झाडल्या की नळकांडं हात लावू देत नाही इतकं तापतं. त्यावरून उठणाऱ्या वाफांनी दुर्बिणीतलं टार्गेट उन्हाळ्यातल्या डांबरी रस्त्यासारखं थरथरू लागतं. आपोआप भरणाऱ्या रायफलीत अडलेला वायू मागे फिरून झाडणाऱ्याच्याच तोंडावर येतो. आणि नळकांडं केसभर वाकडं बसलं असेल तर गोळी आतल्या पडद्याला घासून सगळंच फाडू शकते. म्हणून पहिली गोळी झाडण्यापूर्वी सरळ सळई घालून वाट नीट आहे ना हे पाहतात. प्रयोगाआधी सावधगिरी, हाही शाळेतलाच धडा.

कानाचा हिशेब

एवढा खटाटोप कशासाठी? शत्रूला पत्ता लागू नये म्हणून, हे झालं एक उत्तर. मला दुसरं उत्तर जास्त मोलाचं वाटतं. नॉर्वे-फिनलंडसारख्या देशांत शिकारी सर्रास सायलेन्सर वापरतात आणि तिथे तो कान वाचवण्याचं साधन मानला जातो. अमेरिकेत १९३४च्या कायद्यानं त्यावर दोनशे डॉलरचा कर बसवला होता, तो २०२६च्या १ जानेवारीपासून शून्यावर आला. नोंदणी मात्र कायम राहिली.

आपल्या कानाच्या आत शंखासारखा एक वेटोळा भाग असतो. त्यात केसांसारखे तुरे असलेल्या काही हजार पेशी असतात. शेतात वारा सुटला की गव्हाच्या ओंब्या लवतात तशा त्या आवाजानं लवतात आणि मेंदूला निरोप देतात. वारा बेताचा असेल तर ओंब्या पुन्हा उभ्या राहतात. वादळ झालं तर आडव्या होतात. गहू पुढच्या वर्षी पेरता येतो, या पेशी पुन्हा उगवत नाहीत. जन्माला येताना जेवढ्या आणल्या तेवढ्याच.

यात फसवं असं की बहिरेपणा एकदम येत नाही. आधी कानाला दडे बसतात, घूं घूं होतं, दुसऱ्या दिवशी बरं वाटतं आणि आपण विसरतो. नुकसान सुरू होतं ते उंच पट्टीच्या आवाजांपासून. स, श, फ, त, थ ही व्यंजनं त्याच पट्टीतली. म्हणून अशा माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. 'सात' म्हटलं की तो 'हात' ऐकतो. घरचे म्हणतात, "यांना ऐकू येतं, पण लक्ष देत नाहीत." भांडणं होतात. मग तो माणूस हळूहळू बोलण्यातून अंग काढून घेतो, लग्नकार्यात कोपऱ्यात बसतो, नातवंडांच्या विनोदाला उगाच हसतो.

आमच्या भागात खाणीत आयुष्य काढलेली अशी माणसं घरोघरी आहेत. ड्रिल, पंखे, डंपर यांच्या सोबतीत तीस वर्षं गेली. ती मोठ्यानं बोलतात आणि समोरच्याला वाटतं रागावलीत. खाणींसाठीच्या सुरक्षा नियमांत ८५ डेसिबल ही इशाऱ्याची आणि ९० ही धोक्याची पातळी १९७५ सालापासून सांगितलेली आहे. आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा कायद्याच्या यादीतला रोग आहे. कागदावर सगळं आहे. कानात बोळा घालायचा कंटाळा मात्र माणसाचा स्वतःचा.

हा कंटाळा नेमबाजांना परवडत नाही. २०१० साली म्युनिकमध्ये विश्वविजेती ठरलेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत असो की २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक आणणारा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे असो, ही मंडळी वापरतात ती पॉइंट टू टू रायफल. तिची गोळी लहान आणि मंद, तरी एखाद्या दिवसाच्या सरावात शेकडो बार कानाजवळ होतात. ते कानाचं संरक्षण हा सरावाचाच भाग मानतात.

आवाज हा साक्षीदार

मग आपल्या देशात सायलेन्सर मोकळा का करू नये? इथे पुन्हा माझ्या गावाकडे यावं लागतं. कपाशी-तुरीच्या शेतात रोही आणि रानडुकरं शिरतात, म्हणून शेतकरी रात्र रात्र जागली करतो. तो डबे बडवतो, फटाके फोडतो. त्याचं हत्यार आवाज हेच असतं. मुक्या बंदुकीचा त्याला उपयोग काय? दुसऱ्या बाजूला, आमच्याच जिल्ह्यात टिपेश्वरचं अभयारण्य आहे, वाघांचं जंगल आहे. रात्री जंगलात बार ऐकू आला की वनरक्षक त्या दिशेनं निघतो. पोलीसपाटलाला कुणीतरी उठवतं. गावात खून पडला तर "किती वाजता आवाज आला?" हा पहिला प्रश्न असतो. आवाज हा न बोलावता आलेला साक्षीदार आहे. तो फितूर होत नाही. गुन्हेगाराच्या हाती त्याचं तोंड दाबायचं साधन देऊ नये, एवढाच कायद्याचा हेतू, आणि मला तो पटतो. वीजप्रवाह सोडलेल्या तारांनी आणि फासक्यांनी विदर्भात किती जनावरं मुकाट्यानं मेली हे पाहिलं की आवाज न करणारं मरण किती सोयीचं असतं ते कळतं.

मागच्या बाकावरच्या प्रश्नाचं उत्तर आता देता येतं. नाही बाळा, आवाज येतो. चांगला मोठा येतो. सायलेन्सर बंदुकीला मुकी करत नाही. तो वीस-तीस डेसिबल खातो, एवढंच.

आणि गंमत अशी की औषधांच्या दुकानात दहा-वीस रुपयांना मिळणारे फोमचे बोळे नीट पिळून कानात घातले तर तेही साधारण वीस-तीस डेसिबलच खातात. त्यांना परवाना लागत नाही, ठाणेदाराचा शेरा लागत नाही. लग्नाच्या वरातीत डी.जे.च्या भिंतीपुढे नाचणाऱ्या पोरांना, दिवाळीत सुतळी बॉम्ब लावणाऱ्या हातांना, पिठाच्या गिरणीवर दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाला, एन. सी. सी.च्या फायरिंगला निघालेल्या मुलीला तेवढे पुरतात. कारखान्यात जाणाऱ्या मुलाच्या डब्याबरोबर आई पोळी-भाजी देते, तसे दोन बोळे द्यायला काय हरकत आहे? पुढे तीस वर्षांनी तिच्या नातवानं हळूच कानात सांगितलेलं गुपित त्या मुलाला ऐकू यावं, एवढ्यासाठी.